भाऊंसाठी जहाज

“सुलटा वाचला का मतलब दिसते, पोरी. उलटा वाचला का चूक दिसते.”

हे सांगताना काकांच्या हातातला कागद नेहमी खाली डोकं वर पाय असा धरलेला असायचा. लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो की दवाखान्याची चिठ्ठी. चष्मा कपाळावर सरकवायचा, कागद नाकापाशी न्यायचा, ओठ न हलवता वाचत जायचं आणि एका जागी नख टेकवायचं. तिथे चूक असायचीच.

तुमच्या गावात जुना छापखाना असेल तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. काका कंपोझिटर होते. लाकडी केसमधल्या खणांतून शिशाचे खिळे वेचून त्यांनी चाळीस वर्षं ओळी जुळवल्या. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, कागदावर छापलं की सुलटं होतं. त्यामुळे त्यांचं सगळं जगच उलट्या बाजूने सुरू व्हायचं. बोलताना त्यांच्या तोंडून ‘ळ’ कधी निघाला नाही. आमच्या यवतमाळकडे तो निघतच नाही, डोळ्याचा डोया होतो आणि खिळ्याचा खिया. पण त्यांनी जुळवलेल्या मजकुरात एकही ‘ळ’ चुकलेला मी पाहिला नाही.

त्या छापखान्यात मी तीन वर्षं संगणकावर बसत होते. पुढची खोली माझी आणि फ्लेक्सच्या मशीनची, मागची काकांची. माझ्याकडे शाईच्या द्रावणाचा वास डोक्यात जायचा. त्यांच्याकडे रॉकेल, शिसं आणि खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घासून घासून मऊ करायचं आणि गालात धरून बसायचं, ही आमच्या जिल्ह्याची आवडती घाण. काका तासातासाला घासायचे आणि शाईच्या रिकाम्या डब्यात थुंकायचे. तो डबा पायाशीच असायचा. मी मागे जाताना श्वास रोखून जायचे.

पण खरी शिसारी यायची ती माझ्या स्वतःच्या पडद्यावर जे दिसायचं त्याची. तिथे सकाळपासून भाऊ असायचे. आमच्याकडे पुढाऱ्याला नाव नसतं, तो भाऊ असतो. हात जोडलेले, मागे उगवता सूर्य, खाली शुभेच्छुकांच्या टिकलीएवढ्या फोटोंची रांग. ज्या वस्तीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिच्या तोंडाशी लावलेला ‘जलनायक’ असा फलक मी बनवला आहे. दुपारी बनवला आणि संध्याकाळी त्याच वस्तीत, माझ्याच घरापुढे, पाण्याचा गुंड-कळशी घेऊन रांगेत उभी राहिले.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते आणि संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या पलंगाखाली असायचे. अंकलिपीच्या आधी मी ती वाचली. ती सगळी काकांनी जुळवलेली होती हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

“तुह्या बापाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय,” ते म्हणाले. “पण मजकूर कसा, बरोबर एका पानात बसे.”

मला वाटलं, सोबती मिळाला. मी विचारलं, “म्हणजे काका, तुम्हीपण संघटनेत होते?”

“म्या त्याच हप्त्यात भाऊच्या बापाचंबी पत्रक लावलं. खिये तेच.”

हे त्यांनी लाज न वाटता सांगितलं. अभिमानही नव्हता. दोन्ही पत्रकं एका माणसाच्या बोटांतून निघाली आणि त्या बोटांना काहीच झालं नाही, हे मला कळेना. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायचं ठरवलं. ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत राहिले.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मालक एक लांबट खोकं घेऊन आले आणि थेट मागच्या खोलीत गेले. मीही दारात जाऊन उभी राहिले. खोक्यावर दोन डोलकाठ्यांच्या जहाजाचं चित्र होतं. आत पातळ लाकडाच्या फळ्या, त्यांत कापून ठेवलेले तुकडे, पांढरट पट्ट्यांची जुडी, दोऱ्याची रिळं, तांदळाएवढे पितळी खिळे, एक मोठा नकाशा आणि इंग्रजी पुस्तिका. सगळे तुकडे जोडून जहाज आपणच बांधायचं.

“काका, तुमचे हात म्हणजे मशीन हाय,” मालक म्हणाले. “भाऊच्या वाढदिवसाले हे द्यायचं आपल्याकडून. हातानं बनवलेलं. विकत आणून तर कोणीबी देते.”

वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा मजकूर आधीच ठरला होता. ‘विकासाच्या जहाजाचे कप्तान’. समुद्र यवतमाळपासून कितीतरी लांब. काकांनी तो कधी पाहिला नव्हता.

“म्या पैनगंगेत डोंगा पाह्यला हाय फक्त,” ते म्हणाले.

“तेच ते. मोठा डोंगा समजा.” मालकांनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीशी केस ठेवायचे लाकडी घोडे, मधे पायाने चालवायचं जुनं ट्रेडल मशीन. “आन् हे नीट झालं का मंग तुमच्या खियायचंबी पाहू. राहू देऊ. बघू.”

यात काय होतं ते सांगते. दोन वर्षांपासून मालकांना ती खोली दुसऱ्या फ्लेक्स मशीनसाठी हवी होती आणि खिळे भंगारात घालायचे होते. काका पावतीबुकं, एखादी तेराव्याची चिठ्ठी असं काहीबाही छापून खोली तगवत होते. मालकांच्या बोलण्यातलं ‘राहू देऊ’ त्यांनी ऐकलं. मी ‘बघू’ ऐकलं. पण काकांनी तोवर खोक्यातला नकाशा काढून उलटा धरला होता.

साठी ओलांडलेला माणूस पहिल्यांदाच असलं काही बांधायला बसला, पण त्याने सुरुवात केली ती मात्र नवशिक्यासारखी नाही. एक जुनी केस रिकामी करून पुसली आणि एकेका खणात एकेका आकड्याचे तुकडे टाकले. जहाजाचा मधला कणा एकीकडे, त्यात बसायच्या अकरा बरगड्या ओळीने, पितळी खिळे ‘ङ’च्या खणात, कारण तो सगळ्यांत कमी लागतो म्हणे. दोन दिवस फक्त मांडणी. मग ट्रेडलच्या पाटावर नकाशा पसरून ते वाकले. संगणकासमोर बसून मला त्यांची पाठ दिसायची. खर्रा घासायची चळवळ थांबली होती, तोंडातली लाळ नकाशावर गळेल म्हणून. त्या भाऊच्या खेळण्यासाठी या माणसाने चाळीस वर्षांची सवय सोडली, याचीही मला चीड आली. बायको ओरडून थकली तेव्हा नाही सोडली.

त्याच आठवड्यात मी माझं पत्रक लिहिलं. वस्तीतल्या पाण्याबद्दल, आणि ‘जलनायक’ फलकाबद्दल. संगणकावर घेणं शक्य नव्हतं, मालक रोज संध्याकाळी सगळ्या फायली पाहायचे. खिळ्यांत कोणी डोकावत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी कागद काकांपुढे ठेवला.

त्यांनी तो उलटा केला. नख टेकवलं. पुन्हा टेकवलं.

“हे उद्गारचिन्हं एकवीस हायेत.”

“मग?”

“केसमंधी चार हायेत. चारदाच वरडता येईन.”

“काका, मजकूर वाचा ना.”

“वाचला. आठ ओयी जास्त हाय. ‘नराधम’ काढ, ‘निर्लज्ज’ ठेव. दोन्ही कायले? आन् ठेवून दे इथंच. जहाज झालं का लावतो.”

“जहाज वाढदिवसाला होणार. पत्रक त्याच्या आधी वाटायचंय.”

“मंग कसं जमन? एकाच जोडी हाताचं काम हाय.”

मी म्हणाले, “ते जहाज कोणाचं आहे ठाऊक आहे ना तुम्हाला? तुमच्या घरी पाणी कधी येतं? कोणाच्या पायाशी ठेवायला बांधताय हे?” आणखीही बरंच म्हणाले. ‘विकले गेलात’ हा शब्द वापरला. मला तो शोभून दिसतो असं तेव्हा वाटायचं.

काकांनी बरगडीच्या कडेवरून काचकागद फिरवणं थांबवलं नाही. “तुह्या कॉम्प्युटरवर सकायपासून कोणाचा फोटो हाय?”

मी कागद उचलला आणि पुढे आले. पडद्यावर भाऊंच्या गालावरचा डाग पुसायचा राहिला होता. तो पुसला. पत्रक नंतर झेरॉक्स काढून बसस्टँडवर वाटलं. लोकांनी घडी घालून खिशात ठेवलं, जसं ते सगळंच ठेवतात.

आता जे सांगायचं आहे ते माझ्याबद्दल आहे, पण त्याशिवाय काका पुरे सांगून होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते जेवायला घरी गेल्यावर मी ती इंग्रजी पुस्तिका वाचली. काकांना इंग्रजी अक्षरं जुळवता यायची, वाचता यायची नाहीत. चौथ्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की प्रत्येक बरगडीची आकडा असलेली बाजू जहाजाच्या नाकाकडे ठेवायची. त्या बाजूला कडेशी एक बारीक रेघही होती. त्या रेघेपर्यंत कड उतरती घासायची, म्हणजे वरच्या पट्ट्या अंगाला चिकटून बसतात. मी टेबलाकडे पाहिलं. कडा सुंदर घासलेल्या होत्या. आणि अकराच्या अकरा बरगड्या कण्यात उलट्या उभ्या होत्या, आकडे मागच्या टोकाकडे करून. डिंक अजून लावायचा होता.

त्यांनी तसं का केलं असेल ते मला तिथेच कळलं. जे अक्षर सरळ वाचता येतं ते छपाईच्या कामाचं नसतं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. आकडा सरळ दिसला, म्हणजे ती पाठ. पाठ मागे, तोंड पुढे. अख्ख्या जगात ही चूक फक्त कंपोझिटर करू शकेल.

ते परत आले तेव्हा मी माझ्या खुर्चीवर होते. एक वाक्य पुरलं असतं. काका, त्या उलट्या करा. मी म्हणाले नाही. मला भाऊंचं जहाज बिघडायला हवं होतं. माझ्या मनात ते तेवढंच होतं, भाऊंचं. त्या दुपारी काकांनी अकराही बरगड्या पांढऱ्या डिंकाने पक्क्या केल्या. मी समोरून पाहत होते, आणि मला बरं वाटत होतं. ते बरं वाटणं आठवलं की आजही तोंड कडू होतं.

मधे पावतीबुकांची कामं आली. पट्ट्या लावायला घेतल्या तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. पट्टी वाकावी म्हणून काका ती जेवणाच्या डब्यात भिजत घालायचे आणि समोरच्या टपरीवर जाऊन चहाच्या किटलीच्या तोंडाशी धरायचे. टपरीवाल्याने विचारलं, “काका, कायचं पूजन हाय हे?” ते म्हणाले, “लाकूड चहा पेते.” गिऱ्हाइकं हसायची, ते वाफेत डोळे बारीक करून पट्टी वाकवत राहायचे.

पण वाकलेली पट्टी बसेना. बरगडीच्या एका कोपऱ्यावर टेकायची आणि बाकी सगळीकडे फट. बोटाने दाबली की बसायची, सोडली की उठायची. एक मोडली, दुसरी मोडली. चौथ्या दिवशी ते पुढच्या खोलीत आले. मी तिथे असताना ते सहसा पुढे यायचे नाहीत. हातात पुस्तिका होती, आणि ती सुलटी धरलेली होती.

“इथं काय लिह्यलं हाय, वाच बरं.”

नख चौथ्या पानावर होतं. मी वाचलं आणि मराठीत सांगितलं. सांगताना माझा आवाज अगदी सपाट होता, पहिल्यांदा वाचणाऱ्यासारखा नव्हता. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाला एवढं पुरतं.

“तुले माईत होतं?”

“हो.”

“कईपासून?”

“डिंक लावायच्या आधीपासून.”

त्यांनी पुस्तिका मिटली. फ्लेक्सच्या मशीनमधून भाऊंचा अर्धा चेहरा बाहेर आला होता आणि उरलेला खटखटत येत होता.

“मंग सांगायचं न वं,” काका म्हणाले.

एवढंच. रागाने नाही. एखाद्या ओळीत काना राहिला असेल तर जसं सांगायचे तसं. ते मागे गेले. मी त्यांच्यामागे गेले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा श्वास रोखायचा विसरले.

मी म्हणाले, “काका, मला ते बिघडायला हवं होतं. भाऊंचं म्हणून.”

“भाऊचं काय बिघडते? त्याले मालक दुसरं आणून देईन विकत.” त्यांनी खोलीकडे हात केला, केसच्या घोड्यांकडे, आणि हात तसाच खाली घेतला.

तत्त्व म्हणून जे मी छातीशी धरून बसले होते ते एका म्हाताऱ्याच्या खोलीवर जाऊन पडलं होतं. भाऊंपर्यंत त्याची धूळही गेली नव्हती. मला घाण वाटली. खर्ऱ्याच्या डब्याची नाही.

मी म्हटलं, मालकांना सांगते, नवं खोकं मागवू. ते म्हणाले, “रायते काय येवढा टाइम?” आणि जहाजाच्या सांगाड्यावर बोट फिरवत बसले. एकेका बरगडीवरून, पुन्हा पुन्हा. मग एकदम उठले. “पॅकिंग,” म्हणाले.

ट्रेडलवर छापताना एखादी ओळ फिकी उठली तर कंपोझिटर खिळे बदलत नाही. जिथे छाप फिकी तिथे खालून कागदाचा बारीक तुकडा चिकटवतो. तरीही फिकी आली तर आणखी एक. केसाएवढा खड्डा बोटाला कळतो आणि कागदाने भरतो. काकांनी कणकेची खळ शिजवली. कोपऱ्यात चाळीस वर्षांच्या रद्दी प्रुफांचे गठ्ठे होते, ते ओढले. कागदाच्या चिंधोट्या कापून बरगड्यांच्या खोल कडांवर थरावर थर चढवू लागले. दोन बरगड्यांच्या मधल्या पोकळीत घड्या घालून बोळे ठासले, पट्टीला मागून आधार म्हणून. मी रोज सुट्टीत कागद कापून द्यायला बसू लागले. त्यांनी बस म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही.

“तो नको. जाड हाय, लग्नपत्रिकेचा. पातय दे.”

पातळ कागद म्हणजे न्यूजप्रिंट. पातळ कागद म्हणजे पत्रकं, कारण गरिबाचं छापील काम पातळ कागदावर होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी कात्री चालवताना माझ्या हाताखाली एक ओळ आली जी मला पाठ होती. ‘वर्कशॉपमधील बंधूंनो, तुमच्या घामाला भाव कोण ठरवतो?’ बाबांचं पत्रक. आमच्या पलंगाखालचं. आणि त्याच गठ्ठ्यात एका जुन्या पाणी मोर्चाचं, कापसाच्या भावाचं, भाऊंच्या वडिलांच्या राजीनाम्याची मागणी करणारं.

मी काकांकडे पाहिलं. ते एक बोळा दाबून बसवत होते.

“काका, हे तुम्ही मुद्दाम घेतलं?”

“काय?”

“हे सगळं भाऊंच्या जहाजात. भाऊंच्याच घराण्याविरुद्धचं. त्यांच्या काचेच्या कपाटात जाऊन बसणार हे.” माझा आवाज चढला होता. मला ते एकाएकी सुंदर वाटायला लागलं होतं. मी मनात लेखही लिहून टाकला होता.

काकांनी बोळा उलगडला, उलटा धरून पाहिला, पुन्हा घडी केली. “जाडी बरोबर होती.”

“खरं सांगा.”

“खरंच सांगून राह्यलो. भाऊच्या बापाचंबी पत्रक असन त्यात कुठंतरी. तोबी पातय कागदच वापरे. मुलखाचा चिकट होता.”

आणि पुढच्या थराला खळ लावली. मी इतकी चिडले की कात्री आपटली. हा माणूस माझ्यासाठी एक साधा बंडखोरही होत नव्हता. मी त्याला चमचा म्हटलं तर तो चमचा नव्हता, क्रांतिकारक म्हणायला गेले तर तेही नव्हता. त्याला फक्त पट्टी बसायला हवी होती.

पट्टी बसली. एकेक करत सगळ्या बसल्या. काचकागद मारून, तेल पुसून जहाजाचं अंग असं गुळगुळीत झालं की मालकांनी दोनदा हात फिरवला. दोऱ्या काकांनी चिमट्याने ओढल्या. शिडं मात्र माझ्याकडे आली. कापडावर भाऊंचा हात जोडलेला फोटो छापून द्यायचा होता, मोठ्या शिडावर मोठा, छोट्या शिडावर छोटा. मी दिला. रंग जरा उठून दिसावेत म्हणून दोनदा छापून दिला. हे लपवून ठेवून काकांचं चित्र काढणं बरोबर नाही, म्हणून लिहिते आहे.

सत्कार एका मंगल कार्यालयात होता. फेट्यांचा, अत्तराचा आणि तुपातल्या जिलेबीचा वास सुटला होता. व्यासपीठावर माणसं एकमेकांच्या खांद्यावरून फोटोत तोंड घालत होती. मालकांनी जहाज पुढे केलं, “आमच्या प्रेसकडून, हातानं बनवलेलं.” कोणाच्या हातानं ते सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. भाऊंनी ते दोन्ही हातांनी वर उचललं आणि थोडं खाली घेतलं.

“वजनदार हाय रे,” भाऊ म्हणाले, आणि सगळे हसले, कारण भाऊ बोलले की हसायचं असतं.

काका शेवटच्या रांगेच्या मागे, चपलांच्या ढिगाशी उभे होते. धुतलेला सदरा घातला होता. मी जवळ गेले. म्हटलं, काहीतरी म्हणतील. समोर पाहत ते म्हणाले, “मागचं शीड सूतभर डावीकडं गेलं.”

नंतरच्या सोमवारी मालक मागच्या खोलीत गेले. मी मशीन बंद केलं, ऐकू यावं म्हणून.

“काका, जहाज एक नंबर झालं. भाऊ खूश. येवढे खूश का पंचायत समितीचं सारं काम आपल्याकडं वयवलं. आता तुम्हीच सांगा, एका मशीनवर कसं होईन?”

आतून खिळा खणात टाकल्याचा आवाज आला.

“म्या पाहू म्हणलं होतं, काका. पाह्यलं मी. जागेचं कसं जमवू?”

जहाज बिघडलं असतं तर खोली गेली असती. जहाज चांगलं झालं, म्हणून खोली गेली. मी उठून आत गेले आणि मालकांना तोंडावर काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यात एकवीस उद्गारचिन्हं नक्की होती. मालक माझ्याकडे पाहून हसले, समजूतदार हसतात तसे, आणि म्हणाले, “बाई, तुमच्यासाठीच तर करून राह्यलो. दोन मशीन म्हणजे तुमचीबी नोकरी पक्की.” मी नोकरी सोडली असं लिहायला मला आवडलं असतं. सोडली, पण चार महिन्यांनी, दुसरी लागल्यावर.

काका आता केळापूरकडे मुलीच्या गावी असतात असं ऐकते. तब्येत बरी नाही, असंही. मी गेलेले नाही. शेवटचं जे पाहिलं ते सांगते आणि थांबते.

भंगारवाले सकाळीच आले. दोघं होते, पिकअप गाडी दारात लावलेली. त्यांनी पहिली केस घोड्यातून ओढली आणि पोत्यात पालथी करायला उचलली. काका आडवे आले.

“एका पोत्यात एकच केस घाला. ह्या टायपाचं त्यात टाकू नका.”

“काका, वितयायलेच चाललं हे,” त्यांतला मोठा म्हणाला. “भट्टीत कोणतं अक्षर कोणतं, कोणाले समजते?”

“वितयू दे. मिसयू नको.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पण पोती भरपूर होती आणि म्हातारा बाजूला होत नव्हता, म्हणून त्यांनी तसं केलं. दुपार होत आली तेव्हा शेवटची केस उचलताना धाकट्याच्या हातून निसटली. फरशीवर शिशाचा एक लांब आवाज झाला आणि खोलीभर अक्षरं पसरली. त्याने झाडू मागितला.

“झाडू नको,” काका म्हणाले आणि खाली बसले.

त्यांनी रिकामी केस मांडीशी ओढली आणि वेचायला सुरुवात केली. न पाहता, बोटाने अक्षर चाचपून, एकेक आपल्या खणात. मीही समोर बसले. माझ्या हातात एक खिळा आला, तो मी एका खणात टाकला. त्यांनी तो काढून शेजारच्या खणात टाकला. दुसऱ्याला तेच. तिसऱ्या वेळी मी नुसती वेचून त्यांच्या तळहातावर देऊ लागले. मला किंचाळून विचारायचं होतं, कशासाठी, काका, संध्याकाळी ही सगळी लगद्यासारखी एक होणार आहेत. विचारलं नाही, कारण त्यांनी जाडी बरोबर होती असलंच काहीतरी सांगितलं असतं. भंगारवाले दारात बसून खर्रा घासत होते. त्यांतल्या मोठ्याने काकांपुढे पुडी धरली. त्यांनी मान हलवली.

केस भरायला दीड तास लागला. ती त्यांनी कोणाला उचलू दिली नाही. दोन्ही हातांत आडवी धरून, दारातून तिरके होत, ते गाडीपर्यंत गेले. पोत्यांच्या वर जागा केली आणि ती सपाट ठेवली. एका कोपऱ्याखाली पोत्याची घडी सारली, पुन्हा हात फिरवून पाहिला. गाडी सुरू झाली. ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन, काचेवर काळं बोट टेकवून ते म्हणाले,

“ब्रेकरवर हयू घेजो, बाप्पा. खण भरलेले हायेत.”